उघडे दार, बंद दार आणि आग

इमारतीला आग लागली तर काय करावे, असे कोणालाही विचारले की पहिले उत्तर बहुतेक वेळा पाणी, अग्निशामक किंवा बंब यांच्याविषयीचे येते. आग विझवण्याची साधने महत्त्वाची आहेतच. परंतु आमच्या इमारतीच्या व्यवस्थापन समितीत अग्निसुरक्षेचे काम पाहताना आणि त्यानिमित्ताने जुन्या दुर्घटनांविषयी वाचताना माझे मत असे बनत गेले आहे की, इमारतीत राहणाऱ्या किंवा काम करणाऱ्या साध्या माणसाच्या दृष्टीने सगळ्यांत निर्णायक वस्तू म्हणजे दार. कोणते दार बंद होते, कोणते उघडे राहिले, कोणत्या दाराला कुलूप होते आणि कोणते दार जवळ असूनही कोणाला आठवले नाही, यावरच किती माणसे वाचली हे पुन्हा पुन्हा ठरलेले दिसते. म्हणून आगीतून सुखरूप बाहेर पडण्याचा सगळा विषय मी येथे दारांच्या अंगाने मांडणार आहे.

त्याआधी धुराविषयी बोलणे भाग आहे, कारण दाराचे खरे काम धूर अडवण्याचे असते. आगीत माणसे भाजून दगावतात असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात इमारतीच्या आगीत बळी जाणाऱ्यांपैकी फार मोठा भाग धुराने गुदमरलेल्यांचा असतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, त्यामुळे माणूस श्वास घेत असतो, पण शरीराला प्राणवायू पोहोचत नाही. आधी डोके जड होते, मग विचार गोंधळतो, हातापायांतले त्राण जाते, आणि हे सारे इतक्या गुपचूप घडते की आपण संकटात आहोत हे कळण्याची शक्तीच आधी संपते. गाद्या, सोफे आणि उश्यांमधला पॉलियुरेथेन फोम जळू लागला की त्यातून हायड्रोजन सायनाइडही बाहेर पडतो. झोपेत नाकावर भरवसा ठेवता येत नाही. धुराच्या वासाने जाग येईल ही समजूत अत्यंत धोक्याची आहे, आणि म्हणूनच झोपण्याच्या प्रत्येक खोलीत व त्या खोल्यांबाहेरच्या मार्गात धूरसूचक असणे आणि महिन्यातून एकदा त्याचे बटण दाबून तो वाजतो की नाही हे पाहणे मी ऐच्छिक मानत नाही.

धूर किती दूर जातो हे समजायचे असेल तर २१ नोव्हेंबर १९८० रोजी लास व्हेगासमधल्या एमजीएम ग्रँड या हॉटेलला लागलेल्या आगीकडे पाहावे. आग खालच्या मजल्यावर, उपाहारगृह आणि जुगारघराच्या भागात लागली होती. त्या आगीत ८५ माणसे गेली, आणि त्यांच्यापैकी बहुसंख्य वरच्या मजल्यांवर होती, जिथे ज्वाळा कधी पोहोचल्याच नाहीत. जिने, लिफ्टचे बोगदे आणि हवा खेळवणारी यंत्रणा यांतून धूर वर चढत गेला आणि खोल्यांमध्ये, जिन्यांत, मार्गिकांत माणसांना गाठत गेला. ‘आग तर खाली आहे, आपण वर आहोत’ हा दिलासा इमारतीत कधीच खरा नसतो.

आणखी एक गोष्ट बदललेली आहे, ती म्हणजे वेळ. अमेरिकेतल्या अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेने दोन सारख्या खोल्या पेटवून पाहिल्या होत्या: एकीत जुन्या पद्धतीचे, लाकूड, कापूस अशा नैसर्गिक साहित्याचे सामान होते, तर दुसरीत आजच्या घरांत असते तसे कृत्रिम धाग्यांचे आणि फोमचे. जुन्या सामानाची खोली संपूर्ण पेटायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागला. नव्या सामानाची खोली चार मिनिटांच्या आत पूर्णपणे पेटली. खोलीच्या छताखाली साचलेल्या धुराचे तापमान ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या घरात गेले की खोलीतल्या सगळ्याच वस्तू जवळजवळ एकदम पेट घेतात, आणि त्यानंतर त्या खोलीत कोणीही जिवंत राहू शकत नाही. आपल्या आजीआजोबांच्या काळातल्या आगीचा अंदाज मनात धरून आजच्या घरात वागणे परवडणारे नाही. बाहेर पडायला हाताशी असलेला वेळ दोन-तीन मिनिटांचाच आहे असे धरून चालावे.

आता दाराकडे येऊ. १ डिसेंबर १९५८ रोजी शिकागोतल्या ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ या शाळेत, जिन्याच्या तळाशी असलेल्या कचऱ्याच्या पिंपातून आग सुरू झाली. पहिल्या मजल्यावर जिना आणि मार्गिका यांच्या मध्ये दार होते आणि ते बंद होते. त्यामुळे त्या मजल्याच्या मार्गिकेत धूर शिरला नाही. दुसऱ्या मजल्यावर असे दार नव्हते. जिन्यातून वर आलेला धूर थेट वर्गांसमोरच्या मार्गिकेत भरला, बाहेर पडण्याची वाट बंद झाली, आणि ९२ मुले व शिक्षिका असलेल्या ३ नन यांचा बळी गेला. एकाच इमारतीत, एकाच जिन्यावर, एकाच आगीत दोन मजल्यांमधला फरक एका बंद दाराचा होता. ही घटना वाचल्यापासून जिन्याचे दार उघडे दिसले की मला स्वस्थ बसवत नाही.

जिन्यांची ही दारे आपल्याकडून किती निष्काळजीपणे वागवली जातात, हे कोणत्याही उंच इमारतीत फिरून पाहावे. दार जड असते, चौकटीला काळसर पट्टी बसवलेली असते जी उष्णतेने फुगून फटी बुजवते, आणि वरच्या कोपऱ्यात दार आपोआप ओढून घेणारा क्लोजर असतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते पुन्हा पुन्हा ढकलावे लागते म्हणून कोणीतरी पुठ्ठ्याची घडी दाराखाली सारतो, कोणी झाडाची कुंडी टेकवून ठेवतो, कोणी वाऱ्यासाठी हँडलला दोरी बांधून ते कठड्याला अडकवतो. काही दिवसांनी क्लोजरमधले तेल गळते, दार अर्ध्यावर येऊन थांबते, आणि ते तसेच राहते. मी फेरी मारताना दार पूर्ण उघडून सोडून देतो आणि ते कोणाच्याही मदतीशिवाय चौकटीत बसून कडी टक् करून लागते की नाही, हे ऐकतो. कडी लागली नाही तर ते दार आगीत दार म्हणून उपयोगाचे नाही, कारण पेटलेल्या मजल्यावरच्या हवेचा दाब ते सहज ढकलून उघडतो.

लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरची आग १४ जून २०१७ च्या पहाटे चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरातल्या फ्रीजमधून सुरू झाली आणि इमारतीला बाहेरून लावलेल्या ज्वलनशील आवरणामुळे काही मिनिटांतच वर चढली. ७२ माणसे गेली. २०१९ मध्ये आलेल्या चौकशी अहवालाने ज्या अनेक त्रुटी नोंदवल्या, त्यांत सदनिकांची दारे धूर रोखू शकली नाहीत आणि काही दारांना आपोआप बंद होण्याची यंत्रणा नव्हती किंवा ती निकामी होती, हीसुद्धा एक होती. पळून जाताना मागे उघडे राहिलेले दार हे शेजाऱ्यांच्या एकमेव जिन्यात धूर सोडणारे दार ठरते. म्हणून घर सोडताना दार ओढून घ्यावे, पण कुलूप लावू नये आणि किल्ली बरोबर ठेवावी. बाहेर वाट बंद असल्याचे आढळले तर परत आत येता आले पाहिजे.

ग्रेनफेलच्या आगीने दुसरा एक अवघड प्रश्नही समोर ठेवला. काही इमारती अशा बांधलेल्या असतात की एका सदनिकेतली आग दुसरीत जाऊ नये, आणि अशा इमारतींत इतरांनी आपापल्या घरातच थांबावे असा सल्ला दिला जातो. त्या रात्रीही तोच सल्ला होता, आणि आग रात्री एकच्या सुमारास कळवली गेल्यानंतर तो बदलेपर्यंत घड्याळात पहाटेचे २ वाजून ४७ मिनिटे झाली होती. तो सल्ला आधीच मागे घ्यायला हवा होता, असे चौकशीचे म्हणणे पडले. माझ्या मते रहिवाशाने यातून घ्यायची गोष्ट अशी: आपल्या इमारतीचा नियम काय आहे, सगळ्यांनी बाहेर पडायचे आहे की थांबायचे आहे, हे आधीच विचारून ठेवावे, आणि नियम थांबण्याचा असला तरी आपल्या घरात धूर किंवा उष्णता येऊ लागली किंवा आग इमारतीच्या बाह्यभागावर चढताना दिसली, आणि जिना अजून मोकळा असला, तर निघावे.

निघणे हा शब्द सोपा वाटतो, पण माणसे निघत नाहीत. १९६८ मध्ये बिब लाताने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. खोलीत बसून प्रश्नावली भरणाऱ्या विद्यार्थ्यांच्या समोर भिंतीतल्या झरोक्यातून धूर सोडण्यात आला. विद्यार्थी एकटा असताना ७५ टक्के जणांनी उठून बाहेर कळवले. बरोबर दोन माणसे मुद्दाम शांत बसवलेली असताना फक्त १० टक्के जणांनी कळवले. बाकीचे डोळे चोळत, खोकत, धूर हाताने बाजूला सारत प्रश्नावली भरत राहिले. दुसरा उठत नाही म्हणजे काही गंभीर नसेल, असा निष्कर्ष प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहून काढत असतो, आणि तो दुसराही तेच करत असतो.

आगीच्या वेळी बाहेर पडण्याच्या रंगीत तालमीत हे मी स्वतः पाहिलेले आहे. घंटा वाजू लागते, माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात, कोणी ‘टेस्टिंग चालू असेल’ असे म्हणतो आणि सगळ्यांचे खांदे सैल पडतात. नंतर जे उठतात ते आधी चार्जर, डबा, पिशवी गोळा करू लागतात. आग लागल्यावर लोक वेड्यासारखे धावत सुटतात असे सिनेमात दाखवतात. वास्तवात सुरुवातीची मौल्यवान मिनिटे अशी शांतपणे, खुर्चीत बसूनच वाया जातात. यावर एकच उपाय मला ठाऊक आहे, तो म्हणजे निर्णय आधीच घेऊन ठेवणे. घंटा वाजली की खात्री करत बसायचे नाही, निघायचे. खोटी निघाली तर चार जिने चढून परत यायचे. आणि उठणारे आपण पहिले असलो तर मोठ्याने बोलायचे, कारण प्रयोगातल्या त्या खोलीत एक माणूस जरी बोलता झाला असता तरी चित्र बदलले असते.

बंद दारासमोर आल्यावर ते धाडकन उघडू नये. हाताची मागची बाजू आधी दाराच्या पृष्ठभागाला, मग हँडलला आणि चौकटीच्या फटीला लावून पाहावी. तळहाताऐवजी मागची बाजू यासाठी की ती उष्णता चटकन ओळखते, आणि भाजलीच तरी पकडण्यासाठी, रांगण्यासाठी तळहात शाबूत राहतो. दार गरम असेल किंवा खालच्या फटीतून धूर येत असेल, तर ते उघडायचे नाही. दुसरी वाट शोधायची. गार असेल तर दाराआड खांदा लावून, चेहरा बाजूला ठेवून ते थोडेसे उघडावे, आणि पलीकडे दाट धूर दिसला तर लगेच लोटून घ्यावे. जायचेच असेल तर खाली वाकून किंवा रांगत जावे, कारण गरम धूर छताकडे जमतो आणि जमिनीपासून हात-दीड हातावर हवा त्यातल्या त्यात बरी असते. एक हात सतत भिंतीला टेकवून ठेवला तर दिशा चुकत नाही. धुरात स्वतःच्या घरातलीसुद्धा दिशा कळत नाही. नाकातोंडावर ओले फडके धरल्याने काजळीचे कण थोडे अडतात, पण कार्बन मोनॉक्साइड अडत नाही, तेव्हा त्या फडक्याच्या भरवशावर धुराने भरलेल्या जिन्यात शिरू नये आणि ते भिजवण्यात वेळही घालवू नये.

लिफ्टचे दार मात्र आगीत आपले नाही असे समजावे. लिफ्टचा बोगदा धुराड्यासारखा धूर वर ओढतो, वीज गेली की लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते, आणि नेमक्या पेटलेल्या मजल्यावर तिचे दार उघडण्याचा धोका असतोच. जिन्यानेच जावे, एका बाजूने जावे, म्हणजे वर येणाऱ्या जवानांना वाट मिळते, आणि शक्यतो खालीच जावे. गच्चीकडे धावण्याची ओढ अनेकांना होते, परंतु धूरही तिकडेच जात असतो आणि गच्चीच्या दाराला कुलूप असण्याचा संभव मोठा असतो. १९७४ मध्ये साओ पावलोतल्या जोएल्मा इमारतीच्या आगीत अनेक माणसे हेलिकॉप्टर येईल या आशेने छतावर गेली, पण उष्णता आणि धूर इतका होता की हेलिकॉप्टरना तिथे उतरता आले नाही.

जे दार आपल्याला माहीत असते त्याच दाराकडे माणूस जातो, ही गोष्टही फार महागात पडलेली आहे. २० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेतल्या वेस्ट वॉर्विक येथील ‘द स्टेशन’ या नाइटक्लबमध्ये रंगमंचावरच्या आतषबाजीने भिंतीवरचा फोम पेटला. बाहेर पडायला एकापेक्षा अधिक दारे होती, तरीही बहुतेक लोक ज्या दाराने आत आले होते त्याच मुख्य दाराकडे वळले, आणि दोन मिनिटांच्या आत त्या दारात माणसांवर माणसे पडून वाट बंद झाली. १०० जण गेले. तेव्हापासून अनोळखी इमारतीत, मग ते सभागृह असो, रुग्णालय असो की हॉटेल, मी आधी दुसरे दार पाहून ठेवतो. हॉटेलात असलो तर खोलीपासून जिन्यापर्यंत किती दारे लागतात ती मोजतो, कारण अंधारात आणि धुरात फलक दिसत नाहीत, पण भिंतीवरून हात फिरवत दारांच्या चौकटी मोजता येतात. मग तो जिना खरोखर बाहेर जातो का, हे एकदा उतरून पाहतो. माझ्याबरोबर प्रवास करणाऱ्यांना याचा कंटाळा येतो, तरी मी हे सोडणार नाही.

कुलूपबंद दारांचा इतिहास तर मन विषण्ण करणारा आहे. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधल्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात नवव्या मजल्यावरच्या एका जिन्याचे दार कुलूपबंद होते. १४६ कामगार गेले, आणि त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. बोस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह क्लबमध्ये २८ नोव्हेंबर १९४२ रोजी फिरते दार माणसांच्या गर्दीने अडकले, इतर काही दारे बंद होती किंवा आतल्या बाजूला उघडणारी होती, आणि ४९२ जण मरण पावले. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ प्रेक्षक गेले. तिथे बाल्कनीतला उजव्या बाजूचा मार्ग जादा आसनांसाठी बंद करण्यात आलेला होता. चार खुर्च्या अधिक बसवण्यासाठी, चोरी टाळण्यासाठी, फुकटे आत येऊ नयेत म्हणून, असे प्रत्येक वेळी कारण अगदी साधे असते. यातून एक चांगली गोष्ट निघाली तीही सांगितली पाहिजे. शिकागोच्या इरॉक्वॉय नाट्यगृहात ३० डिसेंबर १९०३ रोजी सहाशेहून अधिक माणसे मेली. तिथल्या काही दारांच्या कड्या प्रेक्षकांना उघडताच आल्या नाहीत. त्या दिवशी नाटकाला जाणार असलेले, पण कामामुळे जाऊ न शकलेले कार्ल प्रिन्झलर यांनी पुढे इतरांच्या मदतीने दाराला आडवी पट्टी बसवण्याची यंत्रणा आणली, जी नुसती अंगाने दाबली तरी दार बाहेर उघडते. आज जगभरच्या शाळांत, सभागृहांत दिसणारी ती पट्टी हीच. त्या पट्टीला साखळी आणि कुलूप घातलेले दिसले, तर व्यवस्थापकाला तिथल्या तिथे सांगावे. ऐकले नाही तर लेखी तक्रार करावी.

घरातही हेच लागू आहे. रात्री मुख्य दाराला आतून किल्लीचे कुलूप लावायचे असेल, तर किल्ली अंधारात हात जाईल अशा एकाच ठरलेल्या जागी हवी आणि ती घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. खिडक्यांना पक्के गज असतील, तर निदान एक भाग आतून, किल्लीशिवाय उघडणारा असावा. दारासमोरच्या जागेत चपलांचे कपाट, सायकली, जुने सामान ठेवू नये, आणि बॅटरीवरची दुचाकी किंवा तिची बॅटरी दाराजवळ तर मुळीच चार्जिंगला लावू नये, कारण लिथियम बॅटरी भडकली की बाहेर पडण्याची वाटच पेटते.

बाहेर पडणे शक्यच नसेल, तेव्हा बंद दार हेच आपले संरक्षण. आगीपासून जास्तीत जास्त बंद दारे मध्ये राहतील अशी, रस्त्याच्या बाजूला खिडकी असलेली खोली निवडावी. दाराच्या फटीत ओले टॉवेल, चादरी, कपडे दाबून बसवावेत आणि हवेचे झरोके असतील तर तेही बुजवावेत. मग अग्निशमन दलाला फोन करून पत्ता, मजला, सदनिकेचा क्रमांक, खोली कोणत्या बाजूला आहे, बरोबर किती माणसे आहेत हे सांगावे, आणि पलीकडच्या माणसाने सांगितल्याशिवाय फोन ठेवू नये. खिडकीतून फिकट रंगाचे कापड किंवा फोनचा दिवा हलवावा. खिडकीची काच फोडण्याची घाई करू नये. खालून धूर वर येऊ लागला तर ती बंद करता आली पाहिजे. उंचावरून उडी मारू नये.

लहान मुलांविषयी दोन गोष्टी सांगतो. ती धूरसूचकाच्या आवाजाने जागी होतीलच असे नाही, त्यामुळे त्यांना उठवण्याचे काम घरातल्या कोणत्या मोठ्या माणसाचे, हे आधी ठरलेले हवे. आणि घाबरलेली मुले पलंगाखाली, कपाटात लपतात; लपायचे नाही, बाहेर यायचे आणि जवान मुखवटा घालून आला तरी त्याच्याकडे जायचे, हे त्यांना आधी, शांत वेळी, करून दाखवावे लागते. जिना उतरू न शकणाऱ्या वृद्धांसाठी किंवा चाकाच्या खुर्चीवरच्या माणसासाठी ‘कोणीतरी नेईल’ एवढे पुरत नाही. कोण नेणार, जिन्यावरून नेण्याची खास खुर्ची इमारतीत आहे का, ती वापरता कोणाला येते, आणि नेणे जमले नाही तर जिन्याच्या दारामागे कोणत्या मजल्यावर त्यांना थांबवून जवानांना कळवायचे, हे नावानिशी ठरवावे. आमच्या समितीत या यादीवर सर्वांत अधिक वेळ गेला आणि तो योग्य कारणी लागला असे मला वाटते.

अग्निशामकाविषयी थोडक्यात. आग कचऱ्याच्या टोपलीएवढी असेल, सगळ्यांना सूचना गेली असेल आणि पाठीमागे बाहेरचे दार मोकळे असेल, तरच तो वापरावा. पिन काढावी, नळी ज्वाळांवर नव्हे तर त्यांच्या बुडाशी रोखावी, दांडी दाबावी आणि फवारा डावीकडून उजवीकडे फिरवावा. लहान अग्निशामक अर्ध्या मिनिटाच्या आत संपतो, आणि तेवढ्यात आग आटोक्यात आली नाही तर निघावे. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी मुळीच टाकू नये. गॅस बंद करता येत असेल तर करावा आणि झाकण सरकवून हवा तोडावी. अंगावरच्या कपड्यांनी पेट घेतला तर धावू नये. जागीच थांबावे, चेहरा हातांनी झाकून जमिनीवर पडावे आणि लोळावे.

खाली आल्यावर इमारतीपासून दूर, आधी ठरलेल्या जागी जमावे आणि माणसे मोजावीत. कोणी राहिले असेल तर शोधायला परत आत जाऊ नये. ते कोणत्या मजल्यावर, कोणत्या खोलीत असण्याचा संभव आहे हे बंबाबरोबर आलेल्या अधिकाऱ्याला सांगावे, कारण त्यांच्याकडे श्वसनयंत्र असते आणि आपल्याकडे नसते. भाजलेल्या जागेवर वाहते गार पाणी वीस मिनिटे धरावे, बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नये. आणि धुरातून आलेला माणूस चालता-बोलता असला तरी त्याला डोकेदुखी, मळमळ, चक्कर, आवाजात घोगरेपणा किंवा नाकाभोवती काजळी दिसत असेल, तर त्याला घरी न नेता त्याच वेळी रुग्णालयात न्यावे. तिथे डॉक्टरांना तो किती वेळ धुरात होता हे सांगावे, कारण बोटाला लावायचे साधे ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइडने भरलेले रक्तही निरोगी दाखवते.